बेटावरच्या झाडाची चार फळं

हॅलो? वसुधा? बरं झालं तू परत फोन केलास, अंदमानला लागतच नव्हता… हो, मी कमलिनीच, भोपाळहून. ऐक, मध्ये बोलू नकोस. तू बदली होऊन तिकडे गेलीस आणि मला बेटावरच्या झाडाच्या बिया पाठवल्यास ना… तेच. त्याचं नाव काय?

नाव गं, नाव… तुलाही माहीत नाही?

शमिकानं फळं खाल्ली त्याची… माझी नात, साडेतीन वर्षांची… हो, खाल्ली. गच्चीत माझ्या पाठीमागेच खेळत होती. ऊन फार म्हणून मी जाळी बांधत होते, पाच मिनिटं पाठ वळली… चार. सकाळी सात होती, आता तीन उरलीत. मी रोज मोजते.

डॉक्टरांना केला फोन. त्यांनी आधी झाडाचं नाव विचारलं. मी कुंडीवरची पट्टी वाचली तर 'वसुधा'… अगं हो, ज्यानं रोप किंवा बी दिलं त्याचंच नाव लिहायचं, ही माझी खोड…

नाही, उलटी करवू नका म्हणाले. फळ घेऊन लगेच या. हे शेजारच्यांची गाडी आणायला गेलेत, शमिकाचा बाबा, निनाद, सोनागिरीच्या बाजूला होता, तो तिथूनच परस्पर दवाखान्यात येतोय…

पाहिलं गं इंटरनेटवर, काही नाही. जानेवारीत ते कॉलेजचे प्रोफेसर आले होते ना, म्हणाले, याची कुठेच नीट नोंद नाही. मी आमच्या अख्ख्या शाहपुऱ्यात मिरवत फिरले. म्हणजे विषारी आहे की नाही, हेही कुणी लिहिलेलं नाही.

मांडीवर आहे. डोळे मिटतायत… हो, तिची दुपारच्या झोपेची वेळ आहे. पण ही झोप आहे की दुसरं काही, मला कसं कळणार? शमे, बघ आजीकडे.

बिया कुणी दिल्या तुला?… शेजारच्या लीलावतीबाईंनी? मग विचार त्यांना. आत्ता. कुंपणावरून हाक मार, मी फोन धरते.

…

हो, आहे. काय म्हणाल्या?… गर चालतो. तिकडे पोरं खातात. देवा… पण? पण काय?… बी चावायची नाही. चावली तर? वसुधा, चावली तर काय होतं?

शमे, बिया कुठायत?… मोगऱ्याच्या कुंडीत पेरल्या म्हणते. मीच शिकवलंय तिला, बी फेकायची नाही, मातीत घालायची. थांब, कडेवर घेते तिला, माती उकरून बघते… एक. दोन… थांब गं… तीन. अख्ख्या आहेत.

चौथी कुठाय बाळा?… तोंडात? थूक. आजीच्या हातावर थूक.

दिली… बघते, चष्मा कुठे गेला… दात लागलाय, वसुधा. खाच पडलीय एका बाजूला. वरवर आहे की आत गेलीय, दिसतच नाही…

हॉर्न वाजला. हो, बी घेते, फांदीही तोडून घेते. लीलावतीबाईंना तिथून हलू देऊ नकोस, डॉक्टर तुला फोन करतील…

काय गं शमे?… हो, पेरू की परत. चारही पेरू. तू फक्त डोळे उघडे ठेव, सोन्या…

ठेवते, वसुधा.