बेबी ऑफ वल्लरी

हॅलो?… हो कस्तुरी, वल्लरीच बोलते. मेसेज पाठवू नकोस… अगं ऐक ना, ते सेंडचं बटण सोड आधी. हात खाली… घेतलास? पक्का?

हो, यादी मीच पाठवली. पण चूक आहे ती… कशावरून म्हणजे? गोवराचा डोस चुकलेल्या बाळांत माझी श्रिया आहे… हस तू. तुझ्याच क्लिनिकमध्ये तिला मांडीवर धरून बसले होते, कापूस तू दिलास. नंतर रात्रभर थर्मामीटर घेऊन…

हो बाई, मी काळजीखोर. पण ह्या यादीने आपल्या पलासिया भागातली निम्मी बाळं बिनडोसची निघाली. मेसेज गेला की सगळ्या आया रिक्षा करून तुमच्या डॉक्टर सुनंदा मॅडमच्या दारात. आणि मॅडम माझ्या दारात.

सांगते ना. माझी पर्ल स्क्रिप्ट, तो छोटा प्रोग्राम गं, तुमच्या जन्मनोंदीच्या फाइलीतलं एकेक नाव उचलते, डोसच्या फाइलीत शोधते. नाही मिळालं की यादीत… हो, बस इतकंच. आता जन्मनोंदीत श्रियाचं नाव वाच बरं… मोठ्याने… 'बेबी ऑफ वल्लरी'. बरोब्बर. बारशाआधी नाव कुठून येणार? आणि डोस घेतला तो श्रिया नावाने. बिचारी स्क्रिप्ट बेबी ऑफ वल्लरीला दारोदार शोधते आहे, अन् ती इथे माझ्या मांडीवर चमचा चावते आहे…

नाही यार, रडत नाहीये. हसते आहे… बरं, दोन्ही.

सुधारलं ना. नाव सोडलं, आता आईच्या मोबाइल नंबरवरून जुळवायचं. तो दोन्हीकडे एकच. फक्त एकदा चालवून… श्रिया, नको. श्रिया, हात… अगं बाई… काही नाही, हिनेच एन्टर दाबलं… हो, चालली. थांब…

कस्तुरी… अगं, साफ झाली यादी. श्रिया नाही, ती शेजारची पलक नाही… मी खुर्चीतल्या खुर्चीत नाचते आहे. एकच उरलं. एकच बाळ…

नाव? तू बसली आहेस ना?… 'बेबी ऑफ कस्तुरी'.

नाही गं, ह्या वेळी स्क्रिप्ट बरोबर आहे. नंबर तुझाच. आठव, मुकुलला त्या दिवशी सर्दी होती. तू म्हणालीस, मी तर इथेच असते, पुढच्या आठवड्यात देऊन टाकू… हो ना… रोज दुसऱ्यांच्या बाळांना कापूस देत बसलीस…

अगं, रडतेस काय. मॅडम आहेत ना, आजच देतील… किती ती काळजी. कोण म्हणत होतं मघाशी मला?… सासूबाईंना फोन कर, म्हणावं मुकुलला घेऊन निघा मल्हारगंजहून… हो, टोपी घाला म्हणावं…

आणि ऐक, नवी यादी पाठवली आहे, आता दाब ते सेंड… दाब तर… वाजला तुझाच मोबाइल? काय लिहिलंय? 'प्रिय पालक, आपल्या बाळाचा…' कस्तुरी? हॅलो?…

ठेवला. चल श्रिया, चमचा दे. आज मुकुलचा कापूस आपण धरायचा.