जामीन कोंबडा

मस्तगडच्या गिरणीवर दळणाच्या रांगेत निजामी कचेरीचा चपराशी पुंजाराम उभा होता. पुढं अकबरबी द्वारकाबाईला सांगत होती.

“चपराशी आला. साहेबाला अंडी पाहिजेत म्हने. म्या म्हनलं, दिवस लहान झाले, कोंबड्यांची पिसं झडून राह्यली. आता अंडी संक्रांतीनंतरच.”

“मंग?”

“हुकूम हाये म्हनला, अन् कोंबडाच धरून नेला.”

“अगं बाई! कोंबडा अंडी देतो व्हय?”

“जामीन म्हनून. चपराशी रातभर राखनीला. पर कोंबड्यानं रोज पहाटं साहेबाच्या खिडकीखाली बांग ठोकली. तिसऱ्या दिवशी साहेबानंच हाकललं.”

“कोंबड्याला?”

“दोघांलाबी. चपराशी कोंबड्याला कडेवर घेऊन आल्ता.”

पुंजारामनं मान खाली घातली.

अकबरबी मागं वळली. “पुंजारामभाऊ, तुमचं दळण आधी घ्या. तीन दिवस झोप न्हाई तुमाला.”