खुणेवरचा बाक

३० नोव्हेंबर

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मुख्याध्यापक सर, पाहुणे मंडळी, सहकारी, मुलांनो, आणि आज निवृत्त होणारे, आम्ही हट्टाने खुर्चीवर बसवलेले आमचे शिपाईमामा,

सोळा वर्षांत मी या माइकसमोर एकदाही आले नाही. त्या गप्प राहण्याबद्दल आधी क्षमा मागते. कारण पुढे येईलच.

‘हलवणे’ हे क्रियापद मी दरवर्षी शिकवते. चहा हलवतात, पाळणा हलवतात, मुक्काम हलवतात. एखादी बातमी माणसाला आतून हलवते. पण आपल्या या अंधशाळेत ते मला शिकवलं मामांनी. पहिल्याच दिवशी एका मुलाने विचारलं, “बाई, पाणी पिऊन येऊ?” मी नुसती मान हलवली. तो उभाच! दारातून मामा म्हणाले, “बाई, तोंडाने हो म्हणा. वाळून जाईल पोरगा!”

महिन्याभरात मी वर्गातला एक बाक खिडकीपाशी नेला. का? तर उजेड यावा म्हणून! हसा, हसा. इथे प्रत्येक बाकाची जागा मामांनी फरशीवर रंगाने आखली आहे. झाडून झालं की बाक खुणेवर. मधल्या सुट्टीनंतर पाचवीतली एक मुलगी नेहमीसारखी धावत आली. हनुवटीला चार टाके पडले.

तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी जाब विचारला. मी काही बोलायच्या आत मामा म्हणाले, “झाडताना माझ्याकडून सरकला.” त्यांना लेखी ठपका मिळाला. माझी नोकरी कच्ची होती. मी गप्प राहिले. घाबरले होते, की ते सोयीचं होतं? अजून मला ठरवता आलेलं नाही.

मागाहून विचारलं, “मामा, असं का केलंत?”

“तुम्हाला काढलं असतं, तर नव्या बाई आल्या असत्या. त्यांनीही बाक उजेडातच नेला असता. तुम्ही आता जन्मात नेणार नाही.”

ती मुलगी आज आपल्याकडे संगीत शिकवते. दुसऱ्या रांगेत बसली आहे. बाळा, तो बाक मी हलवला होता. आणि सर, तेच लिहून मी सकाळी तुमच्या टेबलावर ठेवलं आहे. मामांच्या सेवापुस्तकातला ठपका खोडून माझ्या नावावर घ्यावा, एवढी विनंती.

मामा, बाहेर लोक हात हलवून निरोप देतात. इथे तो कुणाला दिसणार? मुलं तुम्हाला तोंडानेच ‘अच्छा’ म्हणतील, मोठ्याने. ऐकून घ्या.

बोलू दिलंत, आभारी आहे. काही उणंअधिक बोलले असेन तर सांभाळून घ्या. या समारंभासाठी आपण सभागृहातले सगळे बाक भिंतीला सरकवलेत. उद्या आठला मुलं येतील; मामा नसतील. म्हणून वहीत उद्याचं एकच काम लिहून ठेवलं आहे: सात वाजता येऊन बाक खुणेवर ठेवणे.