आजोबांचा खालचा सूर

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजी आणि तिची नात नंबर यायची वाट पाहत होत्या.

“आजी, तोंड मिटून गायलं तर ते गाणं की गुणगुणणं?”

“गुणगुणणं. तुझे आजोबा दाढी करताना करायचे. मी त्याला भुणभुण म्हणायचे.”

“का गं?”

“एकच सूर, लांबच लांब! एकदा म्हटलं, डोकं उठलं माझं, बंद करा. तर कायमचं बंद केलं शहाण्यानं.”

“अगं, तो समूहगानाचा सराव असणार! बाई मलाही तसाच खालचा सूर देतात. बाकीचे त्यावर गातात.”

“मला कुठं ठाऊक! ते ज्या गायन मंडळात जायचे, त्याचं गाणं ऐकलं, ते आजोबा गेल्यावरच.”

“छान गायले?”

“छानच गं. पण गाणं सगळं अधांतरी.”