चेंडू नसलेला व्हिडिओ

कोच : आधी हिशेब सांग. तक्रार मंजूर झाली तर तुला काय काय मिळणार?

सेक्रेटरी : मला काय मिळणार, कोच! क्लबला मिळणार. सामना पुन्हा खेळवतील, जिंकलो तर वरचा गट. रविवारी बरोबरीत सुटला म्हणून हातातोंडाशी आलेलं गेलं.

कोच : आणि वरच्या गटात जर्सीवर छातीभर जाहिरात चालते. तुझ्या चष्म्याच्या दुकानाची.

सेक्रेटरी : चालली तर काय पाप आहे का?

कोच : शिवाय ह्या खोलीत तुझा फोटो. जुन्या सगळ्या सेक्रेटरींपेक्षा वीतभर मोठा.

सेक्रेटरी : फोटो काढून ठेवलाय, ते वेगळं. तुम्ही मजकूर ऐका. 'सामना संपत आला असताना प्रतिस्पर्धी बचावपटूने पेनल्टी क्षेत्रात चेंडू हाताने अडवला. रेफरींचे खेळाकडे लक्षच नव्हते. सबब, सामना पुन्हा खेळवावा.' कसं वाटतं?

कोच : चष्मेवाल्यानं लिहिलंय हे लगेच कळतं. शेवटी नंबर तपासून घ्या असंही लिही.

सेक्रेटरी : थट्टा सोडा. हँड होता की नव्हता?

कोच : होता. शंभर टक्के.

सेक्रेटरी : मग झालं तर! रेफरी चुकला तर क्लबांनी तोंड शिवून बसायचं? अशानंच हे लोक सुधारत नाहीत.

कोच : गेल्या महिन्यात आपल्या पोरानं त्यांच्या गोलकीपरला कोपर मारून गोल केला. रेफरीला दिसलं नाही. तेव्हा तू कुठं पत्र लिहिलंस? तू त्याला खांद्यावर घेऊन नाचलास.

सेक्रेटरी : ती तक्रार त्यांनी करायची. ज्याची त्यानं करावी.

कोच : ह्या रेफरीवर आधीच दोन शेरे आहेत. तिसरा पडला की वर्षभर मैदानाबाहेर. आणि ह्याच माणसानं आपल्या लेफ्ट बॅकला, आपल्या 'भिंती'ला, परत आणलंय, विसरलास?

सेक्रेटरी : विसरेन कसा? खाली आभार मानलेत की! 'आमचे लेफ्ट बॅक मैदानात कोसळले असता रेफरींनी छाती दाबून त्यांचे प्राण वाचवले, याबद्दल क्लब ऋणी आहे.' आभार वेगळे, हँड वेगळा. दोन्ही खरं, दोन्ही लिहिलं.

कोच : एकाच कागदावर कानफटात आणि नमस्कार.

वहिनी : येऊ का आत?

सेक्रेटरी : या, या वहिनी! तुमचीच वाट बघत होतो. कशी आहे आमची भिंत?

वहिनी : उशीला टेकून बसते तुमची भिंत. शनिवारी घरी सोडतायत. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न काय केला असेल? 'पेनल्टी दिली का?' मी उशाशी बसून डोळे सुजवलेले, माझी चौकशी दुसऱ्या नंबरावर.

सेक्रेटरी : बघा कोच! मरणाच्या दारातून आलेला माणूस न्याय मागतोय.

वहिनी : भाऊजी, ज्याला साधी जेवणाची वेळ कळत नाही, त्याचा न्याय काय धरून बसता? मी एका कामाला आले होते. पण तुम्ही फोनवर व्हिडिओ मागितलात ना, तो आधी घ्या.

सेक्रेटरी : हो, संघटना दोन व्हिडिओ मागते, दोन वेगवेगळ्या जागांवरून काढलेले. माझ्यात हँड स्वच्छ आहे. तुमचा जोडला की पाचच्या आत पाठवून मोकळा.

वहिनी : माझ्यात हँड नसेल हो. चेंडूसुद्धा नसेल.

सेक्रेटरी : चेंडू नसेल? मग सामनाभर फोन धरून काय करत होतात?

वहिनी : ह्यांना काढत होते. दर रविवारी ह्यांनाच काढते. चेंडूशी माझं काय नातं?

कोच : रात्री तो घरी बघत बसतो म्हणे. मी म्हणायचो, एवढं स्वतःला न्याहाळायला हा काय नवरदेव आहे?

वहिनी : न्याहाळतात कसले, चुका शोधतात. हा व्हिडिओ मात्र आम्ही दोघांनीही बघितलेला नाही अजून. माझं धाडस होत नाही.

कोच : तू तिकडं खिडकीशी उभी राहा, पोरी. आम्ही बघतो.

(कोच फोन टेबलावर उभा करतात. वहिनी पाठ फिरवते.)

सेक्रेटरी : खरंच की. नुसती भिंत. भिंत धावतेय. भिंत मोजे वर करतेय. हे काय, गुडघ्यांवर हात टेकून वाकला.

कोच : दमलाय असं वाटलं होतं मला. मी ओरडलो होतो, 'सरळ उभा राहा' म्हणून.

वहिनी : मलाही तसंच वाटलं.

कोच : थांब, मागं घे जरा. तो मागं काळ्या कपड्यातला बघ.

सेक्रेटरी : रेफरी. चेंडू पलीकडं त्यांच्या गोलपाशी, आणि हा वळून आपल्या भिंतीकडं बघतोय. एकदा तिकडं बघितलं. परत इकडं. आणि निघाला की!

कोच : भिंत अजून उभी आहे.

सेक्रेटरी : हो. उभी आहे.

कोच : आता आवाज ऐक.

वहिनी : 'हँड, हँड' ओरडतायत. त्यात भाऊजी, तुमचा आवाज सगळ्यात वर.

सेक्रेटरी : त्यानं मान वळवली नाही. सगळं मैदान ओरडतंय आणि हा इकडं पळतोय. भिंत आत्ता पडली. आत्ता शिट्टी. अरे देवा! ही शिट्टी पेनल्टीची समजून मी टोपी उडवली होती.

वहिनी : पुढं काही नसेल. माझ्या हातातून फोन गळला.

कोच : गवत दिसतंय. पण आवाज आहेत. 'पाणी नको! बाजूला व्हा! बाटली घेऊन कोण आलाय तो?'

सेक्रेटरी : तो मीच.

वहिनी : तोंडात ओतायला निघाला होतात तुम्ही. त्यांनी ढकललं तुम्हाला.

सेक्रेटरी : चांगलं ढकललं. कोपर अजून दुखतंय.

कोच : त्याचीही तक्रार कर की. तोही फाउलच झाला.

सेक्रेटरी : कोच, पुरे. ...वहिनी, डॉक्टर काय म्हणाले?

वहिनी : म्हणाले, हृदय बंद पडलं होतं. जरा उशीर झाला असता तर आम्ही काही करू शकलो नसतो. छातीवर हात लगेच पडले म्हणून माणूस राहिला.

कोच : म्हणजे सेक्रेटरी, तुझं वाक्य खरंच आहे. लक्ष नव्हतं त्याचं खेळाकडं.

सेक्रेटरी : द्या तो कागद इकडं. लिहितो. 'हँड होता. रेफरींना दिसला नाही, कारण त्या वेळी ते आमच्या माणसाकडे बघत होते. सोबत दोन्ही व्हिडिओ. आमची काहीही मागणी नाही. त्यांचे आभार कसे मानावेत हे आम्हाला कळत नाही.'

कोच : मागणीच नाही, तर पाठवतोस कशाला?

सेक्रेटरी : उद्या दुसरं कुणी माझा अर्धाच व्हिडिओ दाखवून शेरा मारेल. आपलं आधी पोचलेलं बरं. क्लबांनी बोलावंच, कोच. अर्धं बोलू नये, एवढंच. बरं वहिनी, तुमचं काम काय होतं?

वहिनी : मला रेफरींचा पत्ता हवाय. ही त्यांची शिट्टी. ह्यांचे बूट गोळा करताना पिशवीत आली.

कोच : म्हणून उरलेला सामना माझी शिट्टी मागून घेऊन संपवला बिचाऱ्यानं!

सेक्रेटरी : थांबा, एवढं पाठवतो आणि मीही येतो. बाटली आणत नाही. ...काय गंमत बघा वहिनी. पेनल्टी गेली, वरचा गट गेला, जर्सीवरची जाहिरात गेली, माझा फोटो कपाटात गेला. आणि मिळालं ते सगळं एकट्या तुम्हाला.

वहिनी : हो, भाऊजी. किंमत भरली तुम्ही सगळ्यांनी. शनिवारी घरी मी घेऊन जाणार.