बादलीतला डब्बा

...अकरा मिनिटं! अकरा मिनिटं मी लघवीले थांबलो, तं त्याचा जाब मले मालकानं विचाराव? तुमाले सांगतो, बावीस वर्षं झाली ष्टेरिंग हातात घेऊन, चंद्रपूरचा बाबूभाई म्हनलं का पार सिरोंच्यापर्यंत लोक बसवून चहा पाजते, आन आमचे मालक गुणवंतराव फोनवर म्हनते, "काऊन गा बाबू, वडशाच्या अलीकडं अकरा मिनिटं काय करून राह्यला होता?" म्हनलं, मालक, शुगर हाय मले. तं म्हनते, "मंग काल चारच मिनिटं कशी लागली?" आता याले काय उत्तर हाय? तुमच्यापाशी हाय? असन तं द्या बाप्पा, मी लिहून ठेवतो!

तं हे सगळं त्या डब्ब्यानं केलं. दोन हजार आठची गोष्ट. गुणवंतरावनं नवी कोरी जीप घेतली, कुरखेड्याले आरोग्यवाल्यायच्या कामावर भाड्यानं लावली, मले दिली चालवाले, आन कोनीतरी त्यायच्या कानात फुंकलं का गाडीत डब्बा बसवून घ्या, ड्रायव्हर लोक बदमाश असते. झालं! ष्टेरिंगच्या खाली साबनाच्या वडीएवढा काळा डब्बा, त्याले एक लाल डोळा, तो डोळा दिवसभर उघडझाप, उघडझाप... त्याच्या पोटात सिमकार्ड. तो डब्बा वरच्या उपग्रहाले विचारते का बाबूभाई कुठी हाय, मंग ते नागपूरच्या हापिसातल्या एका पोट्टीले सांगते, पोट्टी गुणवंतरावले सांगते, आन गुणवंतराव मले फोन करून सांगते का मी कुठी हाव! अरे, मले माहीत हाय ना मी कुठी हाव!

बरं, जंगलात रेंज नाई, तिकडं तरी सुटलो म्हनाव, तं तेही नाई. रेंज नसली का हा हरामी सगळं पोटात साठवून ठेवते, आन कुरखेड्याचा टावर दिसला रे दिसला का भडाभडा ओकते. कुठी थांबलो, किती थांबलो, किती जोरात पळवली... सगळं! घरी बायकोले भ्याव, रस्त्यावर वाघाले भ्याव, गाडीत डब्ब्याले भ्याव. मानसानं भ्याव तं कोनाकोनाले भ्याव?

तं ऐका आता खरी गोष्ट. भादव्याचा महिना, घरोघरी मलेरिया. माझ्या गाडीत मयुरी सिस्टर. वय असन पंचवीस-सव्वीस, पन आवाज असा का डास रस्ता बदलून जाते. आमी दोघं मच्छरदान्या आन गोळ्या घेऊन कुरखेड्याच्या पुढं, आत, एका गावात गेलो. गावाचं नाव नाई सांगत. काऊन नाई सांगत ते कळनच तुमाले.

गाडी उभी केली. सिस्टर घरोघरी गेली. मी बिडी पेटवली. तं तिथचा एक म्हातारा, चैतू त्याचं नाव, सगळं गाव त्याचं ऐकते, तो आला आन गाडीच्या दारातून वाकून त्यानं आत पाह्यलं.

"डरायवर भाऊ, हे लाल काय जळून राह्यलं?"

आता मी बिडीची ठिनगी हाय म्हनून सांगू शकलो असतो. बॅटरीचा लाईट हाय म्हनू शकलो असतो. पन नाई! शाहानपना ना अंगात! म्हनलं, "बाबा, याच्यानं मालकाले कळते गाडी कुठीकुठी गेली ते."

म्हातारा आनखी वाकला. मंग हळूच म्हनते, "म्हंजे आमच्या गावाचं नाव सांगते?"

"नाव नाई बाबा, जागा सांगते."

"कोनाले?"

"मालकाले."

"आन मालकाले पोलिसानं विचारलं तं?"

मी बिडी विझवली.

"आन मंग जंगलातल्या बंदूकवाल्यायनं आमाले विचारलं का जागा सांगनारी गाडी तुमच्या गावात काऊन येते, तं?"

तुमी हसू नका. चंद्रपुरात बसून हसाले काय जाते? शेजारच्या गावातल्या एका मानसाले सकाळी एकीकडच्या बंदूकवाल्यायनं विचारलं आन संध्याकाळी दुसरीकडच्या. तो आंध्रात मिरच्या तोडाले गेला तं पाच वर्षं झाली, वापसच नाई आला. बायको इथी, पोरं इथी, तो तिथी. तं चैतूबाबाच्या तोंडावरचं भ्याव काही खोटं नोतं. मानसानं भ्याव तं कोनाकोनाले भ्याव?

तेवढ्यात मयुरी सिस्टर चैतूबाबाच्याच घरातून पळत बाहेर आली. "बाबूभाई, गाडी काढा! याची पोरगी, सोमारी... तीन दिवसाचा ताप हाय, डोक्यात गेला! बापाले ओळखून नाई राह्यली ती! आत्ता कुरखेड्याले नेलं तं वाचन!"

मी दार उघडलं. म्हनलं, आना तिले! तं चैतूबाबा गाडीच्या समोर येऊन उभा. हात जोडले त्यानं. मोठ्या मानसानं हात जोडले का पाहवत नाई हो... म्हनते, "पोरगी माझी हाय, सिस्टरबाई. पन ही पेटी हाय तोवर नाई बसवत. गाडी माझ्या दारात थांबली हे कागदावर उमटलं, तं पोरगी वाचन, पन दार नाई राह्यनार."

"बाबूभाई, काढा तो डब्बा!" सिस्टर म्हनते.

"सिस्टर, माझी नोकरी जाईन!"

"तिचा जीव जाईन!"

 औजाराच्या पेटीतून पक्कड काढली, ष्टेरिंगखाली डोकं घातलं, "या अल्ला" म्हनलं आन कटकन वायर तोडला! एक तोडला, दुसरा तोडला, डब्बा हातात. आन पाहतो तं काय... वायर तुटला, गाडीपासून सुटला, तरी तो लाल डोळा उघडझाप करूनच राह्यला! पोटात त्याच्या आपली बॅटरी! सगळं गाव दोन पावलं मागं सरकलं. मीबी सरकलो, पन डब्बा माझ्याच हातात होता, कुठी सरकतो?

चैतूबाबानं माझ्या हातातून डब्बा घेतला. दोन बोटांत धरला, इंचू धरते तसा. आन दाराशी पान्यानं भरलेली बादली होती, तिच्यात बुडवला. बुडबुड... बुडबुड... डोळा एकदा मिचकावला, दोनदा मिचकावला, आन बंद. गावानं श्वास सोडला. सोमारीले खाटेसकट आनलं, मागच्या शिटावर निजवलं, सिस्टरनं डोकं मांडीवर घेतलं, चैतूबाबा पायथ्याशी बसला. मी बिस्मिल्ला म्हनून चाबी फिरवली.

काही नाई.

पुन्हा फिरवली. काही नाई! नवी कोरी गाडी, कालपर्यंत वाघासारखी गुरगुरत होती, आता मेंढरासारखीबी बोलून नाई राह्यली! मंग डोक्यात उजेड पडला का बसवनारा म्हनला होता, डब्ब्याले हात लावान तं इंजिन बंद पडन. चोरायसाठी म्हने! चोर तं कोनी आलाच नाई, मीच सापडलो!

गावात रेंज नाई. बाजूच्या टेकडीवर फोनवर रेंजची एक डंडी येते म्हने. चढलो. शुगरचा मानूस, पन्नाशीले आलेला, बकऱ्यासारखा चढलो. नागपूरच्या पोट्टीले फोन लावला. काय गोड आवाज हो! "नमस्कार सर, मैं आपकी क्या सहायता कर सकती हूँ?"

म्हनलं, मॅडम, पेशंट हाय गाडीत, गाडी सुरू करून द्या.

"सर, आपका डिवाइस ऑफलाइन दिखा रहा है. कृपया डिवाइस की लाइट चेक कीजिए."

"मॅडम, लाइट बंद हाय."

"डिवाइस किस जगह पर है, सर?"

"बादलीत हाय."

"...सर, ये कौनसा तालुका हुआ?"

"तालुका नाई मॅडम, बादली! पान्याची बादली!"

मंग म्हनते, मालकाची जन्मतारीख सांगा, मंगच इंजिनचं पाहता येईन. मी सांगतली एक जुलै. आमच्या वयाच्या सगळ्यायची मास्तरनं एक जुलैच लिहिली हाय ना! तं म्हनते, "सॉरी सर, मैच नहीं हुई." गुणवंतरावले तेवढी खरी तारीख सापडली! फोन आपटाव वाटलं, पन एकच तं डंडी होती.

मंग ताबिश आठवला. माझा भाचा, चंद्रपुरात गाड्यायची वायरिंग करते, घरदार हाय, पोरं हाय, शाहाना मानूस. त्याले लावला. तो म्हनते, "मामू, गाडीपाशी जा, मी सांगतो तसं वायर जोड." म्हनलं, अबे, गाडी खाली, रेंज वर, मी दोन हाव का? तं कोन माझ्या मागं येऊन उभा होता, माहीत हाय? चैतूबाबा! पोरीपाशी जीव लागत नोता म्हनून मागंमागं चढला होता. म्हनते, "दे, मी ऐकतो." ज्या मानसानं घडीभर आधी डब्बा बुडवला, त्यानं जिंदगीत पयल्यांदा फोन कानाले लावला!  

मी खाली पळालो. टेकडीपासून गाडीपर्यंत गावची मानसं उभी राह्यली, हाकेच्या अंतरावर एकेक. ताबिश तिकडून सांगते, चैतूबाबा ओरडते, पयला ओरडते, दुसरा ओरडते, आन माझ्यापर्यंत पोचते तं काय पोचते? ताबिश म्हनला, जांभळा वायर पाहा. आन शेवटचा गडी पळत आला तं हातात जांभळीची फांदी! म्हनते, "घे, तोडून आनली!" अरे बाप्पा! पुन्हा वर निरोप, पुन्हा खाली निरोप. सिस्टर मागून ओरडते, "बाबूभाई, झटके येऊन राह्यले हो तिले!" माझ्या बोटांले घाम, वायर सटकते, डोळ्यात पानी का घाम ते कळत नाई... लाल म्हनते का पिवळा म्हनते? जोडला, ठिनगी उडाली, बोट भाजलं. दुसरा जोडला. चाबी फिरवली.

सुरू!

तुमाले सांगतो, इतक्या वर्षांत इंजिनचा आवाज ऐकून मी कधी रडलो नोतो. चैतूबाबा टेकडीवरून फोन हातात घेऊन उड्या मारत आला, बसला, आन मी जे पळवली... खड्डे पाह्यले नाई, नाला पाह्यला नाई!

कुरखेड्याच्या तोंडाशी पोलिसानं काठी आडवी लावलेली. आठ-दहा बंदुका माझ्यावर. काय झालं होतं, नागपूरच्या पोट्टीनं गुणवंतरावले सांगतलं का ड्रायव्हर घाबरलेला हाय आन बादली-बादली करून राह्यला. गुणवंतरावनं कपाळाले हात लावला, "म्हंजे पळवून नेलं माझ्या बाबूले! बादली हा त्याचा इशारा असन!" आन लावला ठान्यात फोन. आता बादली हा इशारा हाय हे मलेच माहीत नाई, तं त्याले कुठून कळलं?

साहेब म्हनते, "डब्बा कुठी हाय?"

म्हनलं, "पान्यात पडला."

"कोन्त्या गावात?"

आता पाहा. मागच्या शिटावर चैतूबाबा बसला हाय. डोळे माझ्या पाठीत रुतून राह्यले. खरं बोललो तं याचं दार जाते, खोटं बोललो तं मी आत जातो. मानसानं भ्याव तं कोनाकोनाले भ्याव? माझ्या तोंडून निघालं, "साहेब, नाल्यात पडला."

"कोन्त्या नाल्यात?"

"वाहत्या."

साहेबाचे कान लाल झाले. तेवढ्यात मागचं दार उघडून मयुरी सिस्टर उतरली, आन तो आवाज लावला तिनं... "पेशंट मरून राह्यली, आन तुमी नाल्याचं नाव विचारता? काठी उचला! नाई तं कागदावर लिहून द्या का तुमी अडवली!" काठी उचलली. साहेबानं सोताच्या हातानं उचलली.

दवाखान्यात दोन रात्री सोमारीनं डोळे नाई उघडले. चैतूबाबा भिंतीले टेकून बसला, मी त्याच्या बाजूले.   तिसऱ्या दिवशी तिनं पेज मांगतली. म्हातारा बाहेर गेला, नळ सुरू केला, तोंड धुवत राह्यला, धुवत राह्यला, पाच मिनिटं धुवत राह्यला. मी नाई गेलो तिकडं.

गुणवंतरावनं नोकरीवरून नाई काढलं. पोरगी वाचली ऐकून डोळे पुसले त्यायनं, माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हनले, "बाबू, तू चांगलं केलं." आन त्याच हप्त्यात नवा डब्बा बसवला! या खेपेले लाल डोळाच नाई. गाडीत कुठीतरी आत लपवला, आन कुठी लपवला ते मलेही नाई सांगतलं! मी शिटाखाली पाह्यलं, टपात पाह्यलं, बोनट उघडून टार्च मारला... नाई म्हंजे नाई!

आन सोमारीले घरी सोडाले मलेच पाठवलं. निघताना चैतूबाबानं ष्टेरिंगच्या खाली वाकून पाह्यलं. जागा रिकामी. "नाई ना आता?" म्हनते. हो म्हनलं असतं तं कोनाले कळलं असतं? पन या मानसानं माझ्यासाठी फोन कानाले लावला होता. म्हनलं, "हाय बाबा. कुठी हाय ते मले माहीत नाई, पन हाय."

तं गावाच्या तीन किलोमीटर अलीकडं, नाल्यापाशी, गाडी लावली, कुलूप घातलं, गोळ्यायची थैली खांद्यावर घेतली, आन आमी तिघं पायी निघालो. सोमारी दहा पावलं चाले, बसे. आमी बसू. पोचवलं, चहा पेलो, पायीच वापस आलो. कुरखेड्याचा टावर दिसला आन फोन वाजला. तीच! गोड!

"सर, आपकी गाड़ी साढ़े तीन घंटे नाले पर खड़ी थी. आप कहाँ थे?"

म्हनलं, "मॅडम, पायी चालून राह्यलो होतो."

"ड्राइवर होकर पैदल, सर?"

"काय करता मॅडम? डब्बा गाडीत बसवला हाय, माझ्या तंगड्यायमंदी अजून नाई बसवला."

 खटखट, खटखट, काहीतरी टाइप केलं तिनं. आन म्हनते,

"सुझाव के लिए धन्यवाद, सर. नोट कर लिया है."