आईचा फोटो

वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत मदत मागायला आलेल्या संस्थांच्या मुलाखती चालू होत्या. नीलाताई आपल्या नंबराची वाट बघत बाहेर बसलेल्या. शेजारी एक मुलगा आणि मुलगी हळू आवाजात बोलत होते.

"रत्नदीप, तो मेल परत वाच ना."

"किती वेळा वाचू, दर्शना? यांना आपल्या कामातल्या बायकांचा आधीचा फोटो हवाय. कचऱ्याच्या ढिगावरचा."

"पण आता त्या सोसायट्यांमध्ये खत बनवतात. युनिफॉर्म आहे, ओळखपत्र आहे."

"तसेच फोटो दाखवले म्हणून तर मागच्या वेळी बाद झालेलो आपण."

"आणि या वेळीही झालो तर?"

"काम बंद. अकराच्या अकरा जणी परत ढिगावर."

"मग कुणाला ढिगावर उभं करून काढलास फोटो?"

"आईलाच विचारलं काल. तिचीही वीस वर्षं तिथेच गेली ना. फोटो काढायचाय, एवढंच सांगितलं."

"मग?"

"खूश झाली एकदम. म्हणाली, कुठली साडी नेसू?"

नीलाताईंची फाईल चाळणारी बोटं थांबली.

"तू काय म्हणालास?"

"निळी नेस म्हटलं. काठाची. आणि खताच्या मशीनपाशी उभी केली."

"ढिगावरचा नाहीच काढलास?"

"नाही गं."

आतून त्या दोघांच्या संस्थेचं नाव पुकारलं.

"चल," दर्शना उठत म्हणाली, "पहिला तोच दाखवू."